भाजीपाल्याची वजनवही

झिला पिकपनं मला या जगात आणलं, माझ्या पाच पोरांना आणलं, आणि माझ्या नवऱ्यालाही तिनंच आणलं होतं. त्या शेवटच्या कामाबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगायची. ती म्हणायची, "एफी, येताना तो चांगला होता गं. पुढचं तू बिघडवलंस."

आमच्या हेझलक्लफमध्ये चाळीस वर्षं सुईणीचं काम तिच्याकडे होतं. सगळं गाव तिला झिलामावशी म्हणायचं, अगदी गिरणीचे मॅनेजरसुद्धा; कारण त्यांनाही तिनंच उलटं धरून पाठीत धपाटा घातला होता. उंचीनं बेताची, पण रुंदी अशी की आमच्या जिन्यातून ती तिरकी होऊन वर यायची. लाकडी तळव्यांचे बूट घालून फरशीवरून खटखट निघाली की बायका दारात येऊन विचारायच्या, "आज कुणाची पाळी गं, मावशी?" तोंडात मातीचा पाइप. बाळंतिणीच्या खोलीबाहेर तो विझवायची आणि आत शिरल्या शिरल्या सगळ्यांना दटावायची. बाळंतिणीला, बाळंतिणीच्या आईला आणि सासू असली तर तिला जरा जास्तच.

तिचे काही नियम होते आणि त्यात कुणी अक्षर काढायचं नाही. जन्मलेलं पोर खाली नेण्याआधी वर न्यायचं, म्हणजे ते आयुष्यात वर चढतं. आता आमच्या घरांत निजायची खोलीच वरची, तिच्यावर नुसतं छप्पर. मग मावशी काय करायची, पोर घेऊन खुर्चीवर चढायची. ग्रिमशॉच्या घरी ती खुर्ची मोडली. मावशी धाडकन खाली बसली, पण पोर दोन्ही हातांनी डोक्यावर तोलून धरलेलं. ग्रिमशॉबाईची सासू किंचाळली, तर मावशी जमिनीवरूनच म्हणते, "ओरडता कशाला? पोर वरच आहे ना!"

आणि दुसरा नियम, ज्यावरून पुढं एवढं रामायण झालं, तो असा: वर्ष भरायच्या आत पोराचं वजन करायचं नाही. तोललेलं पोर हातचं जातं. हा नियम काही मावशीचा एकटीचा नव्हता, माझी आजीही तेच सांगायची. तुम्हाला हसू येत असेल. माझ्या पाचांतली दोघं वर्ष भरायच्या आत गेली, त्यामुळं मला तेव्हा हसू येत नव्हतं, आणि ती दोघं कधी तोललेली नव्हती हा विचारही डोक्यात येत नव्हता. भीतीला हिशेब कळत नाही.

मावशी पोर दोन्ही तळहातांवर घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "बरं आहे." किंवा नुसतं "हं" म्हणायची. "हं" म्हणाली की ती दिवसातून दोनदा त्या घरी येणार, हे ठरलेलं.

सुईणींचा कायदा आला तेव्हा जुन्या जाणत्या म्हणून तिचं नाव सरकारी यादीत घातलं होतं. तसा कागद आला होता. तो तिनं चौकटीत बसवून चुलीवरच्या फळीवर ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद रोज सकाळी पुसायची.

मग जर्मनांशी चाललेली मोठी लढाई संपली, आणि सरकारला एकदम पोरांची आठवण झाली. एवढी माणसं मारून झाल्यावर नवीन लागणारच म्हणा. आमच्या नगर मंडळानं चर्चच्या रविवारच्या शाळेत दर गुरुवारी दुपारी आया-बाळांचं केंद्र काढलं. त्यासाठी दक्षिणेकडून थॉर्पबाई आल्या. मिस थॉर्प. सायकल, चष्मा, उन्हाळ्यातही हातमोजे, आणि पिशवीत छापील कागदांचा हा गठ्ठा. बाई मनानं चांगली होती. हे आम्हाला कळायला वेळ लागला, कारण तिनं पहिल्याच दिवशी घोळ घातला. पोर पहिल्यांदा कुणाच्या दारी गेलं की त्याच्या मुठीत अंडं आणि चिमूटभर मीठ द्यायची आमची रीत. ग्रिमशॉबाई पोर घेऊन पहिली गेली, तर थॉर्पबाईनं पोराच्या हातात 'माश्या आणि जुलाब' नावाचा कागद दिला.

"अंडं राहू दे," ग्रिमशॉबाई गल्लीभर सांगत सुटली, "माझ्या लेकराला जुलाब दिलेन!"

दुसऱ्या गुरुवारी सात जणी गेल्या, पण पोरं शेजारणीकडे ठेवून. फुकटचा चहा प्यायल्या, एकेक बन खाल्ला, परत आल्या. वजनकाट्याजवळ कुणी फिरकलं नाही. बाळांचा नवा काटा यायचा होता, म्हणून किराणा सोसायटीच्या भाजी विभागातला पितळी परड्यांचा काटा आणून ठेवला होता. आणि केंद्राच्या दारात खुर्ची टाकून स्वतः झिलामावशी बसलेली. आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "चहा पी, बन खा, पण पोर त्या परड्यात घातलंस तर याद राख."

हे डॉक्टरांच्या कानावर जायचंच होतं.

डॉक्टर लॉरिमर मंडळाचे आरोग्य अधिकारी. तिशीचे, स्कॉटलंडचे, ताठ. आमच्या गिरणीच्या मॅनेजरांची धाकटी बहीण ग्रेस त्यांना दिलेली. त्याच महिन्यात त्यांना मुलगा झाला होता. मावशीला बोलावलं नव्हतं. शहरातून शिकलेली नर्स आणली होती. मावशी तीन दिवस पाइप नुसताच चघळत होती.

डॉक्टरांची चिठ्ठी आली तशी मावशी माझ्याकडे आली. मी तेव्हा आठव्या महिन्यात, गिरणी सोडून घरी बसलेली. चिठ्ठी मीच वाचली आणि कचेरीत तिच्याबरोबर मीच गेले.

डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "मिसेस पिकप, तुम्ही आयांना वजन करू देत नाही, असं ऐकतो."

"बरोबर ऐकलंत."

"कारण?"

"कारण मला पोरं जगलेली आवडतात."

"मग आकडे ऐका! गेल्या वर्षी या गावात शंभर पोरं जन्मली, त्यातली चौदा पहिला वाढदिवस न बघता गेली. ती काही वजनानं नाही मेली."

"कशानं मेली ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "चौदाही जणांना मी आंघोळ घातली होती. तुम्ही किती जणांना घातलीत?"

डॉक्टर लाल झाले. पण माणूस काही दुष्ट नव्हता, हेकट होता एवढंच. त्यांनी कागद पुढं ओढला आणि सरळ सांगून टाकलं: मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मावशीच्या हातच्या वीस पोरांची वजनं वहीत दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर ते वर काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीला, लिहिणार आणि सुईणींच्या यादीतून तिचं नाव काढायला लावणार. मग एकाही बाळंतपणाला हात लावला तर गुन्हा.

परत येताना मावशी चढावर दोनदा थांबली. चढ ती रोज चढायची, कधी थांबलेली मी पाहिली नव्हती.

"सांगून टाक ना बायकांना," मी म्हटलं. "तू सांगितलंस तर येतील."

"येतील गं. म्हणून तर सांगायचं नाही. आणि त्यातलं एखादं गेलं म्हणजे? यादीतलं माझं नाव त्याच्या आईला दाखवू?"

मार्चमध्ये माझी आयव्ही झाली. महिनाभर आधीच आली, एवढीशी, सोललेल्या उंदरासारखी. मावशीनं तळहातावर घेतली, डोळे मिटले, आणि लवकर उघडलेच नाहीत.

"मावशी?"

"हं," ती म्हणाली.

दिवसातून दोनदा नव्हे, चारदा यायला लागली. आयव्ही प्यायची आणि झोपायची, प्यायची आणि झोपायची. वाढते आहे की जाते आहे काही कळेना. तिसऱ्या आठवड्यात मावशीनं तिला पुन्हा उचललं, डोळे मिटले, पुन्हा उचललं. मग माझ्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "एफी, तुला खरं सांगते. माझ्या हातांना समजेना झालंय. संधिवातानं बोटं बधिर झालीत. वाढली असेल तरी थोडी, घटली असेल तरी थोडी. तेवढं थोडं मला आता कळत नाही."

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. मी रडले, तीही रडली, मग दोघींना चहा हवा झाला.

चहा पिता पिता ती एकदम थांबली. "तो काटा भाजीचा आहे ना गं?"

"कुठला?"

"केंद्रातला. सोसायटीतून आणलेला. त्याच्यावर बटाटे तोलतात."

"मग?"

"बटाटे तोलायला कुणाची ना आहे?"

मला वाटलं, रडून रडून हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिचं सगळं ठरलं होतं. तिचं म्हणणं असं: हे जे काही पोरं उचलून नेतं, त्याला कान आहेत, डोळे नाहीत. डोळे असते तर एवढी गोजिरवाणी पोरं नेली असती का? म्हणजे ते नुसतं ऐकतं. परड्यात पोर घातलं आणि कुणी 'पोर' म्हटलं नाही, नाव घेतलं नाही, तर त्याला कळणार कसं?

गुरुवारी आम्ही गेलो. आयव्ही माझ्या बाजाराच्या टोपलीत, वरून फडकं झाकलेलं. थॉर्पबाई एकट्याच बसल्या होत्या, समोर रिकामी वही.

मावशीनं टोपली टेबलावर ठेवली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थॉर्पबाई! आम्हाला हे बटाटे तोलून हवेत!"

थॉर्पबाईनं फडकं उचललं. आत बटाटे जांभई देत होते. बाईनं मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शहाणी बाई, एक शब्द बोलली नाही. हातमोजे काढले, परड्यात मऊ शाल घातली आणि आयव्हीला अशी अलगद ठेवली की मी तिथल्या तिथं तिला सगळ्या कागदांची माफी देऊन टाकली.

"पाच पौंड, दोन औंस," त्या म्हणाल्या. "बटाटे."

"लिहा," मावशी म्हणाली. "बटाटेच लिहा. एफीला वाचता येतं, ती बघेल."

पुढच्या गुरुवारी बटाटे पाच पौंड नऊ औंस भरले. सात औंस! मी तिथंच मावशीच्या गळ्यात पडले. तिच्या हातांना जे कळत नव्हतं ते त्या पितळी परड्याला कळलं होतं. मावशी नुसती परड्याकडे बघत राहिली, मग बाहेर जाऊन पाइप ओढून आली.

मग काय, गाव लोटलं. ग्रिमशॉबाईनं पोर परड्यात घातलं आणि म्हणाली, "फ्लॉवर." तिला सगळ्यांत देखणं काहीतरी हवं होतं. चॅपल रो गल्लीतल्या लिडियानं कोबी आणला. मिल स्ट्रीटवरून गाजर आलं, मग लाल केसांचं म्हणून बीट आलं. हॅना टॅटरसॉल म्हणाली, "हॅम." डुकराची खारवलेली मांडी! त्यावरून वीस मिनिटं भांडण.

"हॅम भाजी आहे का?"

"माझ्या लेकराची मांडी बघ आणि सांग, ही कुठली भाजी दिसते तुला!"

शेवटी थॉर्पबाईनं निवाडा केला की वजनाला हॅम चालेल. मग आणखी एक कोबी आला, तेव्हा पहिल्या कोबीची आई चवताळून उठली. त्यांना 'चॅपल रोचा कोबी' आणि 'पुलाखालचा कोबी' असं करून दिलं. थॉर्पबाई वहीत मन लावून लिहायच्या: 'कांद्याला खोकला. दुधीची बेंबी भरून आली. वाटाण्याच्या शेंगेला दात.' एकदा लिहिताना त्यांना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसत बसल्या. त्या दिवसापासून त्या आमच्या झाल्या. कोपऱ्यात अंड्यांची टोपली आणि मिठाचं भांडंही आलं.

आणि गंमत बघा. ज्या बायकांना आकडा म्हटलं की कापरं भरायचं, त्यांना दोन महिन्यांत सगळं तोंडपाठ. एवढ्या आठवड्याच्या कोबीला एवढे पौंड, त्याहून कमी भरला तर दूध कमी पडतंय, जास्त भरला तर बूट काढायचे राहिलेत.

मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी डॉक्टर तपासणीला आले. वहीत मावशीच्या हातची तेवीस पोरं होती, वीसच्या वर तीन. मावशीनं नवा कांजी केलेला ॲप्रन घातला होता. बसताना कागदासारखा वाजत होता.

डॉक्टरांनी वही उघडली. वाचू लागले. पान उलटलं. पुन्हा मागचं पान पाहिलं.

"मिस थॉर्प, हे काय आहे?"

"वजनाची नोंद, सर."

"'मुळा, सहा महिने, चौदा पौंड, रात्री उठतो.' या गावात बायका पोरं जन्माला घालतात की भाजीपाला?"

कुणाच्या तरी हातातून बन पडला. मावशी उठली आणि तिनं सरळ सगळं समजावून सांगितलं: कान आहेत, डोळे नाहीत, वगैरे. डॉक्टर ऐकत होते. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिसेस पिकप, काउंटीला मी दुधी आणि मुळे पाठवू शकत नाही. या वहीत एकही मूल नाही. पुढच्या गुरुवारी प्रत्येक मुलाचं नाव घेऊन, सर्वांसमोर, वजन होईल. नाही झालं तर शुक्रवारच्या टपालानं माझं पत्र जाईल."

मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात अकरा जणी जमल्या. चहाची किटली दोनदा रिकामी झाली. शेवटी मी म्हटलं, "नाव घ्यायचं. माझी पहिली." म्हटलं खरं, पण लगेच जिन्याकडे बघितलं. वरच्या खोलीत आयव्ही झोपली होती, आणि तिच्या आधीची दोघं चर्चच्या मागं.

तेवढ्यात दार न वाजवता मावशी आत आली. कुणी तिला सांगितलं कोण जाणे.

"माझ्या एका नावापायी तेवीस नावं पणाला लावता होय गं, भवान्यांनो? एकीनं तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे."

"आणि तुझं काय?" लिडियानं विचारलं.

"माझं काय मेलं! बसून विणकाम करीन."

"तुला साधा टाका घालता येत नाही."

"शिकेन!" असं म्हणून ती खाली बसली. तीन कप चहा प्यायली, आणि तिन्ही वेळा साखर घालायची विसरली.

गुरुवार उजाडला. आम्ही सगळ्या पोरं घेऊन हॉलमध्ये बसलो, तोंडं मिटून. मावशी दाराशी नव्हती. आज ती भिंतीकडेच्या शेवटच्या बाकावर बसली होती, पाहुण्यासारखी. अडीच वाजता डॉक्टर आले, आणि आम्ही ज्या अवस्थेत होतो त्या अवस्थेतही आमचे डोळे विस्फारले. डॉक्टर बाबागाडी ढकलत आले होते! आमच्या गावात पुरुषानं बाबागाडी ढकलली तर गिरणीत वर्षभर चेष्टा होते.

"बायांनो," ते म्हणाले, "हा माझा मुलगा. आज तीन महिन्यांचा झाला. याच्या आईनंही याचं कधी वजन करू दिलेलं नाही. तीही तुमच्यातलीच. ती समजते, मी याला फिरायला आणलंय. आज मी याला तुमच्यादेखत तोलतो, नाव घेऊन, म्हणजे हा खुळचटपणा कायमचा संपेल."

त्यांनी पोराला उचललं. पोर गोड होतं, शांत, मोठाले डोळे.

"बघा, रडतसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. "घड्याळावर वाढवलाय. चार तासांनी दूध, आठ मिनिटं एक बाजू, आठ मिनिटं दुसरी. आधी रडायचा. आता पंधरा दिवसांत आवाज नाही."

मागच्या बाकावर मावशीचा ॲप्रन वाजला. ती उभी राहिली होती.

डॉक्टरांनी पोराला परड्यात ठेवलं. परडं हललं, स्थिर झालं. थॉर्पबाईनं लेखणी उचलली. डॉक्टरांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "नाव: अलि—"

आणि थांबले.

बाहेर गाडीचा घोडा फुरफुरला. डॉक्टरांनी पोराकडे पाहिलं. पोरानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एकदा दाराकडे, एकदा छपराकडे पाहिलं. आणि मग, शपथेवर सांगते, बारीक आवाजात डॉक्टर म्हणाले, "गाजर."

कुणी हसलं नाही. थॉर्पबाई अगदी हळू म्हणाल्या, "सर, गाजर मिल स्ट्रीटचं आहे. सलगम लिहू?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

"सलगम," बाईनं लिहिलं, काट्याकडे पाहिलं, वजनं पुन्हा मोजली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "आठ पौंड... चौदा औंस."

तो आकडा हॉलमधल्या प्रत्येकीला कळला. तीन महिन्यांचं पोर, आणि पुलाखालचा कोबी याच वयात साडेबारा भरला होता. माझा महिनाभर आधी जन्मलेला बटाटा त्याच्याहून लहान असून त्याच्या जवळपास आला होता. डॉक्टरांना तर तो आकडा आमच्याहून आधी कळला. ते काटा धरून उभे होते. वजन चुकलं असेल म्हणून परडं बोटानं हलवून पाहत होते.

मग वळले. ताठपणा सगळा गेला होता. मागच्या बाकाशी उभ्या असलेल्या मावशीकडे बघून म्हणाले, "मावशी, आता मी काय करू?"

मावशी कधी पुढं आली कळलं नाही. तिनं पोर उचललं, पोटाला हात लावला, ओठांवर करंगळी फिरवली. "शहाणं नाही झालेलं हे, डॉक्टर. रडून रडून थकलंय. तुम्ही आधी ग्रेसला बोलवा. घड्याळ घरी ठेवून ये म्हणावं. एफी, तुझी उतरवून दे इकडं, आणि हा घे."

मी आयव्हीला मावशीच्या हातांत दिलं आणि शालीआड डॉक्टरांचं पोर छातीला लावलं. एकीला ग्रेसकडे पिटाळलं. डॉक्टरांनी लाजेनं भिंतीकडे तोंड केलं. तिथं रविवारच्या शाळेचा पॅलेस्टाइनचा नकाशा टांगलेला होता, त्याच्यासमोर ते उभे राहिले.

आधी पोरानं तोंडच हलवलं नाही. मावशीनं त्याच्या हनुवटीखाली बोट चोळलं, गालाला टिचकी मारली. आणि मग त्यानं असं ओढलं, बाई, की मी ओरडलेच.

"काय झालं?" डॉक्टर नकाशाला म्हणाले.

"काही नाही. पितोय."

थोड्या वेळानं पुन्हा, "पितोय का?"

"पितोय, डॉक्टर."

त्यांनी आणखी तीनदा विचारलं. पाठ आमच्याकडे होती, पण खांदे हलत होते. हॅना टॅटरसॉलसारखी बाई, हॅमची आई, तीसुद्धा नाक पुसत होती.

शुक्रवारच्या टपालानं पत्र गेलं ते दुसरंच. थॉर्पबाईनं मला त्याची नक्कल दाखवली: 'सुईण पिकप यांच्या हातची तेवीस मुलं नियमित तोलली जातात. एक वर्षाच्या आतील मुलांची नावं वैद्यकीय कारणास्तव नोंदवलेली नाहीत.' खाली डॉक्टरांची सही.

मी ते मावशीला वाचून दाखवायला गेले तर ती पायरीवर बसली होती, पाइप हातात, न पेटवलेला. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाच म्हणाली, वाचलं.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "त्या दिवशी माझ्याकडे विणकाम करीन म्हणालीस. खरंच केलं असतंस?"

"डोंबल," ती म्हणाली. तिनं पाइप खिशात घातला, पुन्हा काढला. "एफी, त्या गुरुवारी सकाळी मी उठले, ॲप्रन घातला, दार उघडलं. आणि उद्या हे दार उघडून जायचं कुणाकडे, हेच मला कळेना गं. इथंच बसून राहिले. एवढी घाबरले, एवढी मी एकाही बाळंतपणात घाबरले नाही."

आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झिलामावशी, जिच्यापुढं अख्खं हेझलक्लफ चळचळा कापायचं, ती भर दुपारी, गल्लीदेखत, मोठ्यानं रडली.